डोमाजीच्या जीपची खांदमळणी

रविवारी सकाळी आमच्या कॉलनीत गाड्या धुतल्या जातात, तेव्हा मी गॅलरीत उभा राहत नाही. उभा राहिलो की मला राहवत नाही, आणि काही बोललो की आमची शकुंतला आतून विचारते, "तुमाले कोन विचारलं जी?" तिचं बरोबर आहे. दुकान बंद करून कैक वर्षं झाली. पण समोरचा बँकेतला तरुण शेजारी बाटलीतलं चकचकीत काळं टायरवर फवारू लागला, की माझे हात शिवशिवतात.

मागच्या महिन्यात त्यानेच विचारलं, "काका, हे लावलं की टायरच्या बाजूला तडे जातात म्हणतात. खरं का?"

मी म्हटलं, "बाटलीत काय आहे, गाडी किती चालते आणि उभी कुठे असते, ते सांगा. मग सांगतो."

त्याचा चेहरा पडला. डॉक्टरने पथ्य विचारलं की माणूस मुकाट्याने सगळं सांगतो, टायरवाल्याकडून मात्र त्याला हो किंवा नाही एवढंच हवं असतं. त्याला ते उत्तर तिथे उभ्या उभ्या देता येण्यासारखं नव्हतं, कारण त्या उत्तराच्या मागे एक माणूस आहे. त्या माणसामुळे माझं दुकान टिकलं. म्हणून आज लिहायला बसलो आहे.

ऐंशीच्या दशकात माझं टायरचं दुकान आलापल्लीला होतं. दुकान म्हणजे रस्त्याकडेला टिनाचं छप्पर, हवेचा पंप, पंक्चर पक्कं करायची भट्टी आणि मागच्या खोलीत विकायचे नवे टायर. मूळचा मी आरमोरीकडचा. वडील दुसऱ्याच्या धानात राबायचे, मी नागपूरला एका उस्तादाच्या हाताखाली हे काम शिकलो आणि जिथे टायर सगळ्यात जास्त फुटतात तिथे येऊन बसलो. सागाची लाकडं नेणारे ट्रक, बांबूचे ट्रक, सरकारी जीपा, एसटी. रस्ता कुठे गिट्टीचा, कुठे नुसता मुरूम, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ताच नाही. त्या जंगलाने मला पोसलं, हे मी कधीही नाकारणार नाही.

टायरची गोष्ट बाहेरच्यांना थोडी सांगायला हवी. टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. आत दोऱ्यांचे थर असतात आणि त्यांच्यावर रबर असतं. जमिनीला लागतो तो भाग जाड. तो झिजतो आणि झिजलेला दिसतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडेच असतं. खरी नाजूक असते ती बाजू. गाडी चालली की ती प्रत्येक फेऱ्याला दबते आणि पुन्हा सरळ होते. उन्हाने, हवेने आणि वयाने तिच्यावर बारीक रेघा उमटतात. आधी केसासारख्या, मग नख अडकेल अशा. आतले दोरे दिसू लागले की समजावं, आता हा टायर कुठे दगा देईल ते सांगता येत नाही.

कंपनीचा एक माणूस वर्षातून एखाददा यायचा. माझ्या बाकावर बसून चहा प्यायचा आणि शिकवल्याचा आव न आणता शिकवून जायचा. त्याने सांगितलं होतं की रबरात कारखान्यातच मेणासारखं काहीतरी घातलेलं असतं. टायर फिरत राहिला की ते हळूहळू वर येतं आणि बाजूच्या रबराला जपतं. कधी कधी टायरवर तपकिरी झाक दिसते ती त्याचीच. लोकांना वाटतं मळ आहे, आणि ते ब्रशने खरडून काढतात. त्या भल्या माणसाचं नाव मी विसरलो, त्याने सांगितलेलं मात्र विसरलो नाही.

पण ऐकलेलं आणि पटलेलं यात फरक असतो. माझ्याकडे दोन गिऱ्हाइकं अशी होती की त्यांनी माझी मती गुंग करून टाकली. एक जवळच्याच गावचे वकील. त्यांची अ‍ॅम्बेसेडर कायम शेडमध्ये, रोज आंघोळ, आणि बाहेर काढायची ती लग्नकार्याला. तिच्या टायरांना भेगा पडल्या. वकीलसाहेबांनी साबणावर ठपका ठेवला. साबण बदलला, तरी भेगा वाढल्याच. शेवटी त्यांनी टायर शिकेकाईने धुवायला सुरुवात केली. मला म्हणाले, "बाईच्या केसाले चालते, तं रबराले काऊन नाई चालनार?" मी काय बोलणार? दुसरा बांबूचा एक ठेकेदार. त्याच्या जीपला पाणी लागायचं ते नाला ओलांडताना. तिच्यावर चिखलाची पुटं चढलेली, तरी टायर घासून गुळगुळीत होईपर्यंत बाजू शाबूत. तो छाती काढून सांगायचा, "धुवू नोका, धुतलं का टायर मरते."

दोघंही चुकत होते. वकिलांचे टायर साबणाने मेले नव्हते आणि ठेकेदाराचे चिखलाने तरले नव्हते. एकाची गाडी उभी होती, दुसऱ्याची धावत होती, एवढंच. पण हे मी आज इतक्या ठामपणे सांगतो. तेव्हा माझी खात्री नव्हती, आणि ती व्हायला डोमाजी यावा लागला.

डोमाजी एका सरकारी खात्याचा ड्रायव्हर. खात्याचं नाव सांगत नाही, सांगण्यात काही हशील नाही. वयाने माझ्यापेक्षा मोठा, अंगाने काटक, डोक्याला कायम रुमाल गुंडाळलेला. लहानपणापासून मालकाचे बैल हाकलेला माणूस. पुढे ट्रॅक्टर शिकला, मग जीप, आणि रोजंदारीवर खात्यात लागला. कायम करायच्या लोकांत त्याचं नाव येणार अशी त्या वर्षी बोलवा होती. दोन मुली लग्नाच्या होत्या. कायम झालो की पहिलीचं ठरवतो, असं तो दर भेटीत सांगायचा.

जीपवर त्याचा जीव होता. सरकारी वस्तू म्हणजे कोणाचीच नाही, असं मानणाऱ्यांत तो एकटा वेगळा पडायचा. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी करतात. जू ओढून ओढून बैलाचा खांदा सोललेला असतो, तो गरम पाण्याने शेकायचा आणि लोणी-हळद लावून मळायचा. बैलाचे उपकार फेडायची ती रीत. डोमाजीने ती रीत जीपला लावली होती. फरक एवढाच की पोळ्याची वाट न बघता तो दर आठवडी बाजाराच्या दिवशी चारही टायरांच्या बाजू चोळायचा. ओणवा बसून, अंगठ्याने दाबत, गोल गोल. चोळताना तो टायराशी बोलायचा म्हणतात. मी ऐकलं नाही, पण माझा विश्वास बसतो.

"काय लावता गा डोमाभाऊ?" मी एकदा विचारलं होतं.

"दवाई हाय आपली," तो म्हणाला. "लाकडाच्या ट्रकवाल्यानं सांगतलन. पाहा ना, कशी भैसीवानी चमकून राह्यली."

इंजिनातून काढलेलं जळकं तेल आणि त्यात डिझेल, ही ती दवाई. वासावरूनच कळायची. त्या काळी निम्मे ट्रकवाले हेच लावायचे. "निरा पान्यानं धुवा, पुरे हाय," एवढं मी त्याला म्हटलं, तो हसला, मीही हसलो आणि आपापल्या कामाला लागलो.

त्याच्या जीपला चार नवे टायर मीच बसवले होते. कोरा माल, माझ्या हातांनी कागद फाडून काढलेला. वर्ष उलटलं नसेल तोच एक दिवस एटापल्लीच्या वाटेवर पुढचा टायर बाजूने फाटला. जीप रस्ता सोडून मोहाच्या झाडाला टेकली. वेग कमी होता म्हणून कोणाला लागलं नाही. पण जीपमध्ये चंद्रपूरहून आलेले साहेब होते.

दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या दुकानावर उभे. फाटलेला टायर डोमाजीने उतरवून माझ्यापुढे ठेवला. चारही टायरांच्या बाजूंवर नख अडकेल अशा भेगा होत्या. साहेब ओरडणारे नव्हते. शांत माणूस, आणि शांत माणसाची भीती जास्त वाटते.

"वर्षभराचे टायर असे होतात?" त्यांनी विचारलं. "जुना माल काळं फासून नवा म्हणून विकतात, असं मी ऐकून आहे. तुम्ही तसं केलंत का?"

"टायर नवेच होते, साहेब," मी म्हटलं.

"मग हे कशाने झालं?"

मी डोमाजीकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत मला राग दिसला. भीती नव्हती, निव्वळ राग होता. तेव्हा मला उमगलं की त्याच्या मनात स्वतःच्या औषधाबद्दल शंकाही नाही. मीच त्याच्या जीपला म्हातारे टायर दिले, असं तो धरून चालला होता.

"तरन्या बैलाच्या भावात म्हातारा बैल देल्लेव तुमी, यशवंतभाऊ," तो साहेबांदेखत म्हणाला. "मी इतला जीव लावलो, तरी फाटले."

मला बोलता आलं असतं. 'साहेब, तुमचा ड्रायव्हर टायरला डिझेल चोळतो' एवढंच वाक्य पुरे होतं. पण डिझेल आणलं कुठून, हा पुढचा प्रश्न आलाच असता. त्या वर्षी खात्यात डिझेलचोरीचा बोभाटा झालेला. एका ड्रायव्हरला नुकतंच घरी बसवलं होतं. टाकीत नळी घालून बाटलीभर काढलेलं असो की डबाभर, रोजंदारीच्या माणसाला कोण विचारतो? त्याचं नाव कटलं असतं. शिवाय माझ्या म्हणण्याला पुरावा काय? टायर कधी तयार झाला ते त्याच्या अंगावर वाचून कळावं, अशी सोय आम्हाला तरी तेव्हा ठाऊक नव्हती. मी गप्प राहिलो.

साहेब म्हणाले, "पावसाळ्याआधी मी परत येतो. तोवर तुम्ही नीट आठवा. खुलासा पटला नाही, तर सरकारी काम तुमच्याकडे येणार नाही."

सरकारी काम गेलं असतं तर मी कसाबसा तरलो असतो. पण आलापल्ली केवढी? संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर हीच चर्चा. यशवंत काळं फासून जुना माल विकतो. ओळखीचे ट्रकवाले हवा भरायलाही थांबेनात. टायरच्या धंद्यात गिऱ्हाईक आपला जीव तुमच्या हाती देतं. ते नाव गेलं की दुकानाला कुलूप लावायचं आणि गावाकडे दुसऱ्याच्या धानात उतरायचं, जसे माझे वडील उतरायचे.

शकुंतला दुकानाला लागूनच चहाची शेगडी चालवायची. तिच्या कानावरून काही सुटत नसे.

"तोंडात मिठाची गुळनी धरली होती का जी?" ती म्हणाली. "त्याच्या डिझेलाची वास अख्ख्या बजाराले येते. तुमीच सांगत नाई."

"त्याची नोकरी जाईल ना वो."

"आनि आपलं?"

एवढं विचारून ती वळली. शेगडीला वारा घालत बसली. तिला राग होता आणि डोमाजीच्या मुली तिच्याही ओळखीच्या होत्या. दोन्ही एकदम असलं की बाईमाणूस भांडी जोरात आपटतं, एवढं मी संसारात शिकलो आहे.

पुढच्या बाजाराच्या दिवशी डोमाजी आला, तो भांडायलाच. जीपला आता खात्याने कुठून तरी आणलेले जुने टायर होते, त्याचा त्याला अपमान वाटत होता. मीही पेटलो. साहेब समोर नव्हते, म्हणून जे गिळलं होतं ते सगळं बाहेर पडलं. "तुमच्या दवाईनं टायर खाल्ले," मी म्हटलं.

"माह्या दवाईनं?" तो उसळला. "मी बैलाच्या खांद्याले हात लावलो तं जखम भरून येत जाय. भेग दिसली का मी अजून लावत जाओ, अजून चोळत जाओ. चांगलं रबर असन तं लावल्यानं सुधरन का बिघडन? सांगा ना!"

हे ऐकून मी थंडच झालो. भेग दिसली की तो आणखी लावायचा. टाचेला भेग पडली की आपण तेल लावतो, तसं. जितकी काळजी वाढली, तितके टायर लवकर मेले.

तेवढ्यात शकुंतला चहाचा कप त्याच्यापुढे आपटून म्हणाली, "भांडून काऊन राह्यले दोघं? चांगल्या रबराले लावून पाहा ना. दिसन ते दिसन."

चांगलं रबर म्हणजे कोणतं, यावर पुन्हा वाद. मी दिलेला कोणताही तुकडा तो जुनाच म्हणणार. मी त्याला मागच्या खोलीत नेलं. कागदात गुंडाळलेले नवे टायर रचून ठेवले होते. "तुमाले वाटन तो काढा," मी म्हटलं. त्याने नीट पारखून, वास घेऊन, बोटांनी दाबून एक काढला. मी तो बाहेर आणला आणि पाय देऊन त्याच्या बाजूत सुरी घातली.

डोमाजी ओरडला, "अरे अरे, नवा टायर कापता का गा!"

शकुंतलाने तोंडाला पदर लावला. कोरा टायर कापणं म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. माझा हातही जड झाला होता. पण दुसरा रस्ता दिसत नव्हता. बाजूच्या तीन पट्ट्या काढल्या. तिन्ही एकेका काठीभोवती वाकवून तारेने बांधल्या, कारण ताण बसला तरच भेग लवकर दिसते. दुकानासमोरच्या बाभळीला भर उन्हात टांगल्या. एक तशीच सोडायची, धूळ बसली तर बसू द्यायची. दुसरी शकुंतलाने साबणाच्या पाण्याने धुवायची. तिसरी डोमाजीची. तिला त्याने आपल्या हाताने आपली दवाई लावायची, मी बोटही लावणार नाही.

येणारेजाणारे विचारायचे, हे काय तोरण बांधलं? कोणी म्हणे करणी केली. मी म्हणायचो, हो, डोमाजीवर केली. डोमाजी दर बाजाराला यायचा, पट्टी चोळायचा, जीपला चोळायचा तितक्याच मायेने, आणि माझ्याशी न बोलता जायचा. पहिल्यांदा त्याचीच पट्टी सगळ्यात देखणी दिसली. काळीभोर, तुकतुकीत. तो मिशीत हसला. मला त्या रात्री झोप लागली नाही.

उन्हाळा चढत गेला. मग त्याची पट्टी फुगल्यासारखी झाली. बोटाने दाबली की मऊ लागे, बोट काळं होई. तरी त्याने आणखी लावलं. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन तुम्ही पाहिलं असेल तर सांगायला नको, नसेल तर सांगून कळणार नाही. एका बाजाराला तो आला आणि पट्टीसमोर उभाच राहिला. वाकवलेल्या भागावर आडव्या भेगा पडल्या होत्या, एकीला लागून एक. त्याने नख घातलं. नख आत गेलं.

मग त्याने दुसऱ्या दोन पट्ट्या हातात घेतल्या. खोटं कशाला बोलू, त्यांच्यावरही बारीक रेघा आल्या होत्या. ऊन कोणाला सोडत नाही. पण त्या केसासारख्या होत्या, आणि धुतलेलीत व न धुतलेलीत फारसा फरक नव्हता. बँकेतल्या शेजाऱ्याला मी द्यायचं ते उत्तर त्या बाभळीला टांगलेलं होतं. पाण्याने टायर मरत नाही आणि तगतही नाही. ऊन, वय आणि उभं राहणं त्याला हळूहळू खातं. पण काळं करायला त्याच्या अंगावर डिझेल-तेल चोळलं, तर ते रबर आतून सैल करतं आणि पुढचं काम ऊन झपाट्याने करतं.

डोमाजी बाकावर बसला. डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. त्याला इतका खचलेला मी कधी पाहिला नव्हता. मी जिंकलो होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"माह्याच हातानं मेले," तो म्हणाला. "आनि मी तुमाले बोल लावलो."

"होते असं, डोमाभाऊ. साहेबाले मी सांगन काई तरी. उन्हानं झालं म्हनन."

तो उठला. चहा न पिता गेला.

पावसाळ्याच्या तोंडावर साहेब आले. जीप डोमाजीच चालवत होता. मी सगळं मनात घोळवून ठेवलं होतं: ऊन फार, रस्ते वाईट, नशीब खोटं. जीप थांबली. साहेब उतरायच्या आत डोमाजी उतरला, सरळ बाभळीकडे गेला, तार सोडवून तिन्ही पट्ट्या आणल्या आणि साहेबांपुढे माझ्या बाकावर मांडल्या.

"साहेब, टायर नवेच होते. हे पाहा. यशवंतभाऊनं माह्या डोळ्यासमोर नवा टायर कापलन. ही पट्टी मी मारलो जी. गाडीचेही मीच मारलो. माही दवाई लावून लावून."

साहेबांनी पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या. वास घेतला. त्यांना बरंच काही एका क्षणात कळलं असावं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "यात डिझेल आहे. कुठून आणायचास?"

"माह्या दुकानातून, साहेब," मी पटकन म्हणालो. "भट्टीसाठी ठेवतो, तेच तो नेत जाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग डोमाजीकडे. शकुंतला किटली हातात धरून थांबली होती. डोमाजीने एकदा हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. साहेबांनाही तेच हवं होतं, असं मला आजही वाटतं.

"नाई जी," डोमाजी म्हणाला. "भाऊ खोटं बोलून राह्यले, माह्यासाठी. डिझेल गाडीचंच होतं. टाकीतून काढत जाओ. गाडीचं गाडीलेच लावतो, त्यात काय, असं वाटे मले. पन भाऊचं नाव गेलं ना जी. माहं काई जावो, त्यायचं नाव वापस द्या."

साहेबांनी पट्ट्या बाकावर ठेवल्या. मग ते रस्त्याकडे वळले. बाजाराचा दिवस होता, रस्त्यावर माणसं थांबून बघत होती. टपरीवरच्या चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात ते मला म्हणाले, "तुमचा माल चोख होता. मी तुमच्यावर संशय घेतला, चूक झाली. या गाडीचे टायर तुमच्याकडूनच बसवायचे." मोठ्या माणसाने असं भर रस्त्यात म्हणणं सोपं नसतं. त्यांचेही माझ्यावर उपकार आहेत.

डोमाजीचं पुढे काय झालं, ते इथेच सांगून टाकतो. साहेबांनी त्याला चोर ठरवलं नाही, नोकरीवरूनही काढलं नाही, पण नियमाप्रमाणे गाडी काढून घेतली. त्या वर्षी कायम झालेल्यांत त्याचं नाव नव्हतं. मुलीचं लग्न लांबलं. पुढे तो कायम झाला, जीपही मिळाली, थोरलीच्या लग्नात मी आणि शकुंतला मांडवात राबलो. पण ती मधली वर्षं त्याची गेली आणि ती माझ्यासाठी गेली. मी कितीही टायर बसवले असते, तरी ती परत देता आली नसती. माझं दुकान त्यानंतर निवृत्तीपर्यंत चाललं. अनोळखी ट्रकवाला बिनधास्त टायर माझ्या स्वाधीन करून चहा प्यायला जायचा, तेव्हा दर वेळी मला वाटायचं की हा विश्वास मी कमावलेला नाही, मला तो एका माणसाने आणून दिला.

तो दिवस मात्र डोळ्यांपुढून जात नाही. बोलणं झाल्यावर साहेबांनी हात पुढे केला आणि डोमाजीने कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. साहेब स्वतः स्टिअरिंगवर बसले. डोमाजी जीपला वळसा घालून गेला आणि दुसऱ्या बाजूने चढला. इतक्या वर्षांत त्या सीटवर तो कधी बसला नसावा. मी हात जोडून उभा होतो. त्यालाही मला नमस्कार करायचा होता, पण हात कुठे ठेवावेत हेच त्याला कळत नव्हतं. आधी ते त्याने मांडीवर ठेवले, मग समोरच्या पत्र्यावर टेकवले, मग पुन्हा मांडीवर घेतले, आणि जीप निघाली.